मोकळ्या आभाळाचे तात्या

आमच्याकडे बांधाचं भांडण निघालं की तात्यांना बोलावणं जातं. सरकारी नव्हेत, खासगी मोजणीवाले. हातात दोन मीटरचा पोल, पोलच्या टोकाला चपट्या डब्यासारखा जीपीएस रोव्हर आणि मान कायम वर. माणूस भेटला की आधी त्याच्या डोक्यावर काय आहे ते बघणार, मग त्याच्याकडे. लग्नात पत्र्याच्या मांडवाखाली पंगतीला बसवलं तर कासावीस होतात.

डब्यातल्या ॲन्टेनाबद्दल मात्र ते सोवळ्यातल्या आजीबद्दल बोलावं तसं बोलतात. "वीस हजार दोनशे किलोमीटरवरच्या उपग्रहावरून सिग्नल येतो. निघतानाच ताकद जुन्या बल्बाएवढी, इथं पोचेस्तोवर गोंगाटात बुडालेली कुजबुज. ती हिनं ऐकायची, आणि तुम्ही भोवती कोंडाळं करून आभाळ अडवता!" मंडळी चार पावलं मागं. "शिवाय सिग्नल येतो उजव्या वळणानं. पत्र्यावर आपटला की डावा होतो. ही डाव्या हातचं सहसा घेत नाही."

'सहसा' हा त्यांचा प्रामाणिकपणा. दोनदा आपटून पुन्हा उजवा झालेला सिग्नल सोवळं मोडून आत शिरतोच, आणि मग बांध हलतो.

परवा दोन भावांची वाटणी होती. खुणेचा दगड नेमका आंब्याखाली. स्क्रीनवर 'फ्लोट'. तात्यांनी पोलचा बुडबुडा मधोमध आणला, श्वास रोखला. तरी फ्लोट.

"फिक्स आला तर दोन-तीन सेंटिमीटरचा फरक. फ्लोटवर हातभर इकडं की तिकडं, सांगवत नाही."

"हातभर?" धाकटा म्हणाला. "मग आंबा कुणाचा?"

"पानांत पाणी असतं, ते सिग्नल पितं. चार फांद्या उतरवल्या तर..."

वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहिलेले भाऊ एका सुरात ओरडले, "झाडाला हात लावायचा नाही!"

शेवटी तात्या उन्हात गेले, मोकळ्या जागी दोन पॉइंट फिक्स करून आले आणि पिशवीच्या तळातून, चोरून विडी काढावी तसा, टेप काढला. एक टोक थोरल्यानं धरलं, दुसरं धाकट्यानं.

"पानगळीत बोलवायचं होतंत," तात्या पुटपुटले.

"आंब्याला कुठली पानगळ, तात्या?"

"वाईट झाड," म्हणत त्यांनी टेप गुंडाळला आणि पायाशी पडलेले दोन पाडाचे आंबे पिशवीत टाकले.