जेवणावरची उचल

इन्सुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक. रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवणे हे त्याचे काम. ते कमी पडले की साखर रक्तातच मुक्काम ठोकते आणि मग ते बाहेरून टोचून घ्यावे लागते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते टोचले गेले, तेव्हापासून इन्सुलिनने असंख्य जीव वाचवले. तरी बीड जिल्ह्यात इन्सुलिनचे नाव निघाले की पहिला सल्ला शेजारून येतो : “एकदा सुई लागली की सुटत नाही.” गरोदरपणात किंवा ऑपरेशनपुरती लागलेली सुई पुष्कळदा सुटते, सल्ला देणाऱ्याचा गोड चहा मात्र सुटलेला नसतो.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवतात. बीडचा मे महिना चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून काही घरांत ती थेट बर्फाच्या कप्प्यात जाते. हा अतिउत्साह होय; गोठलेले इन्सुलिन वितळले तरी कामाचे राहत नाही. वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, गार जागी साधारण चार आठवडे चालते. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडके आणि त्यात झाकणबंद डबीत बाटली ठेवावी. ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोपीतही हे जमते. बाष्पीभवनाला भारनियमन नसते.

पुढचा विषय सिरिंजचा, आणि खरा घोटाळा इथेच होतो. बाटलीवर एका मिलिलिटरला ४० युनिट लिहिलेले असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० असेल तर नारिंगी टोपणाची. मिणमिणत्या उजेडात हे दोन रंग सख्खे भाऊ वाटतात. पण १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट केले तर आठच. सुईला घाबरून डोळे मिटणाऱ्याने निदान टोपण पाहेपर्यंत ते उघडे ठेवावेत.

दुधाळ इन्सुलिनची बाटली दोन्ही तळव्यांत हलके फिरवतात, ताक घुसळल्यासारखी हलवत नाहीत. बेंबीभोवतीची दोन-तीन बोटे सोडून पोट, किंवा मांडीची बाहेरची बाजू, या सोयीच्या जागा. रोज एकाच ठिकाणी टोचले की तिथे चरबीची गाठ धरते. गाठीवर फारसे दुखत नाही, त्यामुळे तीच जागा लाडकी होते. औषध मात्र नीट शोषले जात नाही. रानात पिकाची फेरपालट न चुकता करणारा शेतकरी पोटावर मात्र वर्षभर एकाच सरीत पेरतो. कालच्या जागेपासून बोटभर सरकावे, औषध पूर्ण आत गेल्यावर दहा अंक मोजून मगच सुई काढावी. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकून झाकण लावावे आणि भरलेला डबा दवाखान्यात द्यावा. सुई, सिरिंज किंवा पेन कोणाशीही वाटून घेऊ नये. ऊसतोडीच्या हिशेबात एका कोयत्यात नवरा-बायको दोघे धरतात. सुईवर हक्क एकाचाच.

जेवणाआधीचे इन्सुलिन म्हणजे जेवणावर घेतलेली उचल. मुकादमाची उचल घेतली की फडावर जावेच लागते, तसे टोचले की जेवावेच लागते. साधे किंवा ३०-७० चे मिश्र इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतात. सप्ताहाच्या पंगतीला निघालेला माणूस हा हिशेब चोख करून घरीच टोचून निघतो. पण काल्याचे कीर्तन रंगते, मग आभारप्रदर्शन, मग आभार राहून गेलेल्यांचे आभार. पंगत बसेपर्यंत उचलीची वसुली सुरू झालेली असते. म्हणून पत्रावळीवर अन्न दिसण्याची खात्री झाल्यावरच डोस घ्यावा. एकादशीचा डोस आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारावा. तो मनाने बंदही करू नये.

घाम, थरथर, एकदम भूक, विनाकारण चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे. शेवटचे लक्षण घरच्यांना स्वभावदोष वाटते आणि वेळ वाया जातो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजून कमी असेल तर तेच पुन्हा करावे, वर आली की भाकरी खावी. पेढा चालत नाही. त्यातला स्निग्धांश साखरेला उशीर करतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही न घालता त्याला दवाखान्यात न्यावे. अंगमेहनतीनेही साखर उतरते, त्यामुळे दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणाऱ्या मधुमेहीच्या खिशात साखरेची पुडी हवीच. चहूकडे ऊस उभा असला, तरी त्याची साखर होईपर्यंत थांबायला वेळ नसतो.