एकशे चौदा

पूर्वी दंड समोरून यायचा. झाडाआडून हवालदार पुढे होऊन हात आडवा करी, "घ्या बाजूला" म्हणे. मग लायसन, कागदपत्रं, पोराची परीक्षा, ओळखीचे कुणी साहेब असं बोलणं लांबत जाऊन माणूस अखेर खिशात हात घाली. आता दंड मागाहून येतो, आणि थेट घरी येतो. आपण निवांत मेथी निवडत असतो आणि मोबाइल वाजतो. तोवर गाडीतला तो भरधाव इसम कुठल्या कुठे विरून गेलेला असतो आणि त्याच्या वतीने मेथीवाला उत्तर देत बसतो.

आमच्या मामांना असा संदेश आला, तेव्हा घरात कुणाचाच विश्वास बसेना. कोषागारात हयात घालवलेला माणूस. चाळीसच्या वर काटा गेला की इंजिनाचा अपमान होतो, अशी त्यांची श्रद्धा. आणि संदेशात लिहिलेलं: मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, मर्यादा १००, वेग ११४, दंड २००० रुपये. फोटोत करड्या रस्त्यावर त्यांची पांढरी गाडी, नंबरप्लेट लख्ख, आणि मागच्या काचेतून डोकावणारी लोणच्याची बरणी. तारीख मंगळवारची. मंगळवारी मामी बहिणीकडे वाशीला लोणचं पोचवायला गेल्या होत्या. चलन मात्र मामांच्या नावाने, कारण कॅमेऱ्याला स्टिअरिंगमागचा माणूस ठाऊक नसतो, आरसी बुकातला मालक तेवढा ठाऊक असतो.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. भाचा म्हणाला, थांबा, लोकअदालत लागली की कमी रकमेत मिटतं. शेजारच्यांनी ॲपवर तक्रार टाकायला सांगितलं. मामांनी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७ अ काढून, खाली पेन्सिलीने रेघा मारत, परिपत्रकासारखा वाचला. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत चलन पाठवलं पाहिजे, यंत्राला मान्यतेचा दाखला पाहिजे, कॅमेरा असल्याची पाटी पाहिजे. चलन मुदतीत आलं होतं, पाटी तर मामांनी स्वतः कितीदा वाचलेली. त्या वेगात पाट्या वाचायला सवड असते.

मग मी मामांना एक जुनी गोष्ट सांगितली. वेगासाठी दंड झालेला पहिला मोटारवाला म्हणून ज्याचं नाव सांगतात, तो वॉल्टर अर्नोल्ड केंट परगण्यातला. जानेवारी १८९६ मध्ये ताशी दोन मैलांची मर्यादा असलेल्या गावातून तो आठ मैलांनी गेला. हवालदाराने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठलं. दंड झाला एक शिलिंग. आठ मैल म्हणजे तेराएक किलोमीटर. मामा सोसायटीच्या फाटकातून गाडी काढतात तो वेग. हे ऐकून मामांना त्या अर्नोल्डविषयी एकदम आपुलकी वाटली.

मामी गाडी शिकल्या त्या मुलं आपापल्या घरी गेल्यावर. मामा शेजारी बसायचे, एक हात कायम हँडब्रेकवर. मामींना वळणापेक्षा तो हात जास्त घाबरवायचा. पुढे त्या एकट्याच जाऊ लागल्या. मामा खिडकीतून बघत राहायचे.

"एवढी कसली घाई होती गं?" मामांनी विचारलं.

"घाई कसली हो? रस्ता रिकामा होता," मामी म्हणाल्या, आणि बरणीचं झाकण पुसत राहिल्या.

मामांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. एकशे चौदा. संसारात मामींना त्यांनी सारखं "हळू, हळू" म्हटलेलं; जिन्यावर, बाजारात, बोलतानासुद्धा. तोंडातला "हळू" त्यांनी या वेळी गिळला.

लोकअदालतीची वाट न बघता त्यांनी पुरते दोन हजार त्याच संध्याकाळी भरले. मामींना ते पटलं नाही. हजारात मिटलं असतं, असं त्या अजून म्हणतात. पावती मामींच्या नावाने मिळेल का, अशी मामांनी चौकशी केली होती. तशी मिळत नाही. चलन गाडीच्या मालकाच्या नावाने, पावतीही त्याच्याच.