आता लागतेच

नवतपा लागला की नागपुरातला शहाणा माणूस कूलरला नवा वाळा लावतो आणि खिडक्यांचे पडदे ओढून घेतो. आमचे काका त्याच सुमाराला माळ्यावरून गरी काढतात. पहाटे चारला माझा फोन वाजतो. "उठला का बे? चाल, खिंडसीले जाऊन येऊ. आज मासे वर आहेत." मासे वर आहेत की खाली, हे पन्नासेक किलोमीटरवरून, अंधारात, यांना कसं कळतं ते विचारणं मी सोडून दिलंय. गाडी अर्थात माझी.

नात्याने ते माझे कोणी नाहीत, वरच्या मजल्यावर राहतात. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. एक पैसा इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. निवृत्त झाले आणि पाण्यात दोर सोडून बसले, तेव्हापासून त्यांच्या आकड्यांचा कशाशीच मेळ नाही.

सामान पाहावं. मुंबईहून मागवलेली रीळवाली काठी, ती रुसली तर असावी म्हणून बांबूची दुसरी. दोराला बांधून तरंगत ठेवायला ज्वारीच्या धांड्याचे तुकडे. पूर्वाश्रमी श्रीखंडाचा असलेला, आता गांडुळांचा डबा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. आणि हिंग घालून मळलेला कणकेचा गोळा. तो काकू मळून देतात, एकाच अटीवर: मासा फाटकाच्या आत यायचा नाही. कारण घर पक्कं शाकाहारी. काकासुद्धा! सावजीच्या दुकानासमोरून जाताना ते नाकाला रुमाल लावतात.

खिंडसीचा तलाव सूर नदीवर 1913 साली बांधला. तिन्ही बाजूंनी टेकड्या, मे महिन्यात पाणी मागे सरकून काठाला भेगाळलेली माती उघडी पडलेली. विदर्भातले तलाव बहुधा मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात, म्हणून काका आधी तिथल्या म्हाताऱ्या ढीवराची परवानगी घेतात. तोही देतो. यांच्यामुळे तलावातला मासा कमी होण्याची भीती त्याला कधीच वाटली नाही.

मग बसायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, माझी सावली पाण्यावर पडली तरी डोळे वटारले जातात. धांडा जरासा हलला की काका माझा गुडघा दाबतात आणि कुजबुजतात, "आता लागतेच." लागत नाही. कधी हवा पूर्वेची असते, कधी पाणी गढूळ असतं, आणि काहीच नसलं तर सैलान्यांची मोटारबोट असतेच. पलीकडे ढीवराची पोरं साध्या काठीने पटापट मासे काढत असतात. तिकडे काका बघत नाहीत. जवळच रामटेकचा डोंगर. कालिदासाच्या यक्षाने तिथे वर्षभर वाट पाहिली म्हणतात. पण त्याला निदान कुबेराचा शाप होता.

एकदा काका काश्मीरला गेले. पहलगामला लिद्दर नदीत ट्राउट धरणारे लोक पाहून आले, आणि खिंडसीत ट्राउट सोडला पाहिजे हा ध्यास घेऊन बसले. इंग्रजांनी विलायतेहून काश्मिरात आणला, तर आपल्याला इथवर आणायला काय होतं? ढीवराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या माशाले पाणी कसं लागते साहेब?"

"थंड. वीस डिग्रीच्या खाली."

म्हाताऱ्याने काठावरच्या पाण्यात हात बुडवून पाहिला. "मंग इथं तो शिजूनच निघन. वरतून तर्री तेवढी टाका लागन."

आणि मग गेल्या ज्येष्ठात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, लागला. काठी वाकली, रीळ किरकिरली, काका "आता लागतेच" म्हणायचंही विसरले. रोहू होता, लालसर परांचा, काठावर तडफडणारा. मी आनंदाने ओरडलो. ढीवराने हातात धरून अंदाज केला, "दीड किलो भरन."

काकांचा चेहरा उतरला. सुटलेला मासा त्यांच्याकडे दरवर्षी किलोभर वाढत आला होता. गच्चीवरच्या गप्पांत तो आता सातावर होता. दीड किलो घेऊन ते कुठल्या तोंडाने परतणार? त्यांनी थरथरत्या हातांनी गरी सोडवली, ओंजळीत धरून मासा पाण्यात नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग सोडला.

"लहान आहे," म्हणाले. "वाढू दे."

घरी पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. फाटकाशी नेहमीची मंडळी होतीच. "काय काका, लागला का काही?"

"लागला होता ना बाप्पा! ऐन काठावर सुटला. आठ किलोच्या खाली नसन. विचारा याले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आठ तरी," मी म्हणालो.

काकू पुढे झाल्या. त्यांनी काकांचा हात धरून नाकाशी नेला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता काकांना फाटकाबाहेरच्या नळाशी हात धुवायला उभं केलं.