पिवळी सुट्टी

महिनाभर हळदी समारंभ टिपून माझ्या कॅमेऱ्याला कावीळ व्हायची वेळ आली होती. पंचांगानं दया केली, मुहूर्त नसलेला एक दिवस दिला, तसा मी हिंगोलीच्या मित्राकडे पळालो. पायी भटकायचं, फोटो काढायचे, संध्याकाळी जरा 'बसायचं'. अट एकच : पिवळं काही दाखवायचं नाही.

"चाल की," म्हणाला, आणि थेट मोंढ्यात घेऊन गेला.

मार्च-एप्रिलात हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीशिवाय दुसरं काय असणार! याच जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय, त्यामुळे तिचा तोरा वेगळाच. ढीग पिवळे, कट्टे पिवळे, हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेलं हळकुंड व्यापारी उचलतो, कडकन मोडतो आणि आतला रंग बघतो. नवरदेव पारखायची ही रीत असती तर माझे निम्मे अल्बम वाचले असते. कॅमेरा आपोआप वर गेला. पाठीवर कट्टा घेतलेला हमाल थबकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, मान जरा डावीकडे."

"त्याला काय बोहल्यावर चढवायलास का?" मित्र खेकसला.

दुपारी औंढा नागनाथ. खाली काळ्या पाषाणातलं कोरीवकाम, वर पुढच्या काळात चढवलेलं शिखर. फोटोत एक सांभाळायला जावं तर दुसरं जळतं. नामदेवांना पुजाऱ्यांनी मागच्या बाजूला हाकललं, ते तिथंच कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा आहे. नंदी मागं राहिला तो तेव्हापासून. मी प्रदक्षिणा सोडून उभाच राहिलो. 'जरा इकडं वळा' म्हणून माझा घसा बसतो, तरी वरमाय वळत नाही. इथं न सांगता अख्खं देऊळ वळलं!

औंढा तालुक्यातच गुरुत्वीय लहरी पकडणारी 'लायगो'ची वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि टिपायचं काय, तर प्रोटॉनहूनही बारीक हालचाल. देऊळ फिरलं त्या दिवशी ही असती तर काटा तुटून परभणीत पडला असता.

संध्याकाळी हिंगोलीत परत येऊन बसलो. वेटरनं बिअर ओतली. मी ग्लासाकडे बघितलं, मग मित्राकडे.

"पिवळी आहे."

"मग रम सांग. नाटकं कशाला लावायलास?"

बॅग बघून शेजारच्या टेबलावरचे काका खुर्ची ओढत आले. "पाव्हणे, फोटोग्राफर का? परवा पुतण्याची हळद हाय." आज मी सुट्टीवर आहे, असं म्हणेपर्यंत मित्रानं दर सांगून टाकला, ड्रोनसकट. ड्रोन माझ्याकडे नाही. काकांनी बयाणा टेबलावर ठेवला, मित्रानं तो तसाच बिलाच्या बशीत सरकवला आणि उरलेल्या पैशात दोन मसाला पापड मागवले.