श्रीमंत दादासाहेब, भाच्याचं जर्मनीचं तेवढं बघा

श्रीमंत रघुनाथराव दादासाहेब पेशवे,
मुक्काम कोपरगाव, गोदातीर

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपण १७८३ च्या डिसेंबरात गेलात, तेव्हा या पत्राला उत्तर येणार नाही हे धरूनच चाललो आहे. एका वकिलातीला गेल्या महिन्यात तीन मेल केले, त्यांचंही आलेलं नाही. त्यामुळे आपल्यावर वेगळा राग नाही.

काम भाच्याचं आहे. भाचा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड, येवला रोडला एका दुकानात मोटारी भरतो. उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला की पाण्यातल्या मोटारी जळून रांगेने येतात. जळकी तार छिन्नीने तोडून उपसायची, खाचा साफ करायच्या, नवा कागद घालायचा आणि वेढे मोजत तांब्याची तार भरत जायची. परवा दुकानात गेलो तर गडी वेढे जर्मनमध्ये मोजत होता. आइन्स, त्स्वाय, द्राय. सत्तेचाळिसाला अडखळला. म्हणाला, "मामा, हे लोक सात आधी म्हणतात आणि चाळीस मागून. उलटंच सगळं." मी म्हटलं, "मग आपण काय म्हणतो? सत्तेचाळीस." पोरगं दोन मिनिटं तार हातात धरून बसलं. मालक गल्ल्यावरून ओरडला, "वेढा चुकला तर गिऱ्हाईक मराठीतच शिव्या देईल."

आता आपल्याकडे का आलो, ते सांगतो. परदेशगमन या विषयात कोपरगावात आपल्याइतकं अनुभवी माणूस दुसरं नाही. १७५८ साली आपली फौज अटकेपार गेली, तेही कुठल्याही खिडकीवर बोटांचे ठसे न देता. १७८१ मध्ये आपला वकील हणमंतराव दोन पारशी सोबत्यांसह विलायतेला गेला. तिथे एडमंड बर्क नावाच्या खासदाराने त्यांना आपल्या गावच्या घरी नेलं आणि सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. परत आल्यावर हणमंतरावाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं म्हणतात. म्हणजे तेव्हा कटकट परतल्यावर होती. हल्ली प्रायश्चित्त आधी घेतात, आणि त्याची फी परत मिळत नाही.

मला या गोष्टी सुचण्याचं कारण एक मोफत समुपदेशन शिबिर. शेजारच्या एका गावी हॉटेलच्या हॉलमध्ये होतं, भाच्याने मला धरून नेलं. पडद्यावर बर्फ, बर्फात एक बाक, बाकावर हसणारी बाई. कोटातल्या गृहस्थाला मी विचारलं, "याचा व्हिसा नेमका कोणता?" तो म्हणाला, "काका, व्हिसा आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त फाइल ओपन करा." फाइल उघडायचे एक लाख. काम होण्याची शंभर टक्के हमी. दादासाहेब, माझी तेहेतीस वर्षं सरकारी टेबलावर लोकांच्या अर्जांत त्रुटी काढण्यात गेली. दुसऱ्याच्या टेबलाची हमी देणारा माणूस मी एकाच जागी पाहिला, कचेरीच्या बाहेर, चहाच्या टपरीवर.

हॉलमध्ये मागच्या रांगेत दोन पोरं दुबईचं विचारत होती. त्यांना कोटवाला म्हणाला, आधी टूरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर करून घेऊ. हे ऐकून माझ्यातला कारकून जागा झाला. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ईसीआरची नोंद असते. अशा माणसाला आखातासह अठरा देशांत कामाला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते. १९८३ चा कायदा आहे. एजंट सरकारदरबारी नोंदलेला हवा, आणि त्यालाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. एवढं मी उभं राहून सांगितलं, तर चहा आला आणि कार्यक्रम संपला.

घरी येताना आपला सुरतेचा तह आठवला. मार्च १७७५. आपल्याला गादीची घाई होती, आणि मुंबईकर इंग्रजांच्या लक्षात ती घाई आली होती. अडीच हजार फौज मिळायची. बदल्यात साष्टी द्यायची, वसई द्यायची, फौजेचा खर्च म्हणून दरमहा दीड लाख मोजायचे आणि वर सहा लाखांचं जडजवाहीर तारण ठेवायचं. आपण सही केलीत. वर्षही झालं नाही तोच कलकत्त्याने कळवलं की मुंबईला असा करार करायचा अधिकारच नव्हता, आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरला वेगळाच तह झाला. राग मानू नका, पण यापेक्षा नेमकं उदाहरण मला सापडत नाही. ऑफर लेटर मुंबईचं, नामंजुरी कलकत्त्याची, आणि डिपॉझिट आपलं. भाच्याला मी एवढंच विचारतो, कागदावर सही करणाऱ्याला सही करायचा अधिकार आहे का, आणि तुला बोलावतंय कोण, त्याचं नाव काय? कारण कामाच्या व्हिसाचं दार बहुतेक ठिकाणी आतून उघडतं. कडी तिकडच्या मालकाच्या हातात असते. बाहेरून धक्के मारण्याचे पैसे घेणारे सगळे आपल्याच बाजूला उभे असतात.

अमेरिकेचं तर सोडूनच द्या. एच-वन-बी व्हिसा पदवीधरांचा. वर्षाला ८५,००० जागा, त्यातही सोडत, आणि सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून नव्याने बोलावायच्या माणसामागे मालकाला एक लाख डॉलर भरायला लावले. आमच्या संजीवनी कॉलेजातून इंजिनीअर झालेली पोरं आता त्या सोडतीबद्दल, लग्न मोडल्यावर स्थळाबद्दल बोलावं तशी बोलतात. विलायतेने जुलै २०२५ मध्ये पदवीच्या तोडीचं काम आणि सर्वसाधारणपणे ४१,७०० पौंडांचा वार्षिक पगार अशी अट घातली, आणि वृद्धांच्या सेवेसाठी बाहेरून माणसं बोलावणं त्याच दिवशी थांबवलं. कॅनडाने मार्च २०२५ मध्ये निवडीत नोकरीच्या पत्राला मिळणारे गुणच काढून टाकले, कारण तशी पत्रं विकत मिळू लागली होती. शिबिरातल्या पडद्यावर मात्र कॅनडाच्या नोकरीच्या पत्राचे गुण झळकत होते.

राहिली जर्मनी. तिला माणसं हवीत, आणि हे ती स्वतःच बोलून दाखवते. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांचे चान्सलर शोल्झ दिल्लीला आले तेव्हा कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी आपल्या राज्य सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या प्रांताशी करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल माणसं पाठवायची. इलेक्ट्रिशियन, नर्स, ड्रायव्हर, स्वयंपाकी, प्लंबर. त्या प्रांताची राजधानी स्टुटगार्ट, १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी. बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीला वाटलं, आता काकडीहून थेट विमान सुटणार. विमानतळ आमच्याच तालुक्यात आहे, नाव शिर्डीचं. विमानं साईभक्तांना घेऊन येतात आणि साईभक्तांना घेऊन जातात.

पण सरकारांचा करार झाला तरी भाच्याच्या खिशातला कागद वेगळाच लागतो. इथे मला आपल्या कोपरगावच्या बेटातले शुक्राचार्य आठवतात. कच त्यांच्याकडे संजीवनी शिकायला गेला, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच म्हणा. हजार वर्षं राहिला, विद्या घेतली, आणि देवयानीने लग्नाचं विचारल्यावर नको म्हणाला. आज असा सरळ कायमचा निवास कोणी सोडत नाही. तिने शाप दिला, ही विद्या तुला फळणार नाही. जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येक आयटीआयवाल्याला हा शाप आधीच लागलेला असतो. इथलं सर्टिफिकेट तिथे आपोआप फळत नाही. त्यांच्या शिक्षणाशी ते ताडून बघतात, कमी पडेल ते शिकून घ्यायला सांगतात. त्याला ते आनएर्केनुंग म्हणतात. भाच्याला हा शब्द पाठ व्हायला आठवडा लागला, मला तो अजून येत नाही.

मार्च २०२४ पासून त्यावर एक उतारा निघाला आहे. मालकाशी नोकरीचा करार असेल, दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण असेल आणि ए-टू पातळीची जर्मन येत असेल, तर आधी तिकडे जाऊन काम करता करता ही मान्यता मिळवता येते. दुसरा रस्ता चान्सेनकार्टेचा, जून २०२४ पासूनचा. मालक नसतानाही एक वर्ष जाऊन नोकरी शोधायची. वय, अनुभव, भाषा असे मिळून किमान सहा गुण हवेत, आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात. २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे बारा-तेरा लाख रुपये, आणि ते खात्यात अडकवून ठेवायचे. पैसे आपलेच, पण दरमहा ठरावीकच काढता येतात. भाच्याचे वडील म्हणाले, "एवढे असते तर पोरगं जर्मनीला कशाला गेलं असतं?" मेहुण्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. म्हणून आम्ही पहिला रस्ता धरलाय. ए-वन झालं, ए-टू चालू आहे.

आता मुख्य अडचण, आणि तीही आपल्या घरातलीच. ध चा मा. ते खरं की खोटं मला ठाऊक नाही, पण आनंदीबाईसाहेबांना एक अक्षर फिरवायला निदान बोरू उचलावा लागला म्हणतात. आम्हाला तेवढेही कष्ट पडले नाहीत. भाच्याचं नाव ज्ञ वरून. शाळेत लिहिलं डी, एन, वाय. आधारवाल्याने जी, वाय. आयटीआयच्या सर्टिफिकेटावर तिसरंच काहीतरी, ज्यात एन आहे पण डी नाही. कागदोपत्री तीन माणसं झाली आणि पासपोर्ट एकाचाच आहे. मी आयुष्यभर लोकांना "नावात तफावत" असा शेरा मारून परत पाठवलं. शेऱ्याच्या पलीकडच्या बाजूला इतकं ऊन असतं हे मला माहीत नव्हतं.

गॅझेट, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात असं करत गेल्या आठवड्यात तीनही कागद एका स्पेलिंगवर आणले. सालबाईच्या तहाने आपल्याला दरमहा पंचवीस हजार लावून दिले, तेव्हा आपल्यालाही असंच वाटलं असेल, की बरं, एकदाचं मिटलं.

फक्त अनुभवाचा दाखला राहिला होता. दुकानाला लेटरहेड नाही, म्हणून मालकाने बिलबुकाच्या पानावर इंग्रजीतून लिहून दिला. चार वर्षं काम केलं, मोटारी भरतो, वागणूक चांगली. शिक्का मारला, सही केली. मनापासून लिहिलंय बिचाऱ्याने.

नाव चौथ्याच स्पेलिंगने आहे.

लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
भाच्याचा मामा