घर कोवाई आहे

जपानात आल्यावर मी काढलेला पहिला फोटो फुजी पर्वताचा नाही, कचऱ्याच्या पिशवीचा आहे. इथे जळणारा कचरा, प्लास्टिक, बाटल्या-डबे यांचे वार ठरलेले असतात, आपल्याकडच्या उपासांसारखे. पहिल्या आठवड्यात मी सगळं एकाच पिशवीत कोंबून खाली ठेवलं. संध्याकाळी बघतो तर सगळा कचरा गेलेला, आणि कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली एकटी माझी पिशवी बसलेली. वर चिठ्ठी. वाचता येईना म्हणून फोटो काढून फोनकडून भाषांतर करून घेतलं. चिठ्ठी इतकी नम्र होती की साताऱ्याच्या घरमालकाची शिवीसुद्धा मला कधी एवढी लागली नव्हती.

तसं टोकियोतलं आमचं निशी-कासाई परकं नाही. इथे कढीपत्ता मिळतो, पोहे मिळतात, 2019 साली तर आमच्या एदोगावा वॉर्डाला योगेंद्र पुराणिकांच्या रूपानं मराठी नगरसेवकही मिळाला. पण सात वर्षं इतक्या नेटक्या गावात राहिल्यावर डोळ्यांना गंजाची भूक लागते. पोपडे, वाकलेला पत्रा, भिंतीतून उगवलेला पिंपळ! पिंपळ इथे मिळत नाही, बाकीचं शोधावं लागतं.

या शोधाला जपानीत नाव आहे: हाइक्यो, म्हणजे पडकी वास्तू. बंद हॉटेलं, खाणी, शाळा धुंडाळणारे शौकीन इथे बरेच आहेत. ते आत शिरतात. मी शिरत नाही. ओसाड घरात विनाकारण घुसणं हाही इथे गुन्हा आहे, आणि परदेशी माणसाच्या खिशात कायम बाळगायचं ते रहिवासी कार्ड असतं. त्यामुळे माझी सगळी साहसं कुंपणाच्या अलीकडे घडतात.

नागासाकीजवळच्या हाशिमा बेटावर मात्र रीतसर जाऊन आलो. 1959 साली या एवढ्याशा कोळशाच्या बेटावर पाच हजारांवर माणसं राहत होती. 1974 मध्ये खाण बंद झाली आणि काही महिन्यांत बेट रिकामं झालं. 2009 पासून पर्यटकांना उतरू देतात. वाटलं, आता मनसोक्त भटकू. कसलं काय! रांग, मार्गदर्शक, कठडा. पडझडसुद्धा यांनी शिस्तीत लावून ठेवलेली.

मग मी ओसाड घरांकडे वळलो. त्यांना 'आकिया' म्हणतात. 2023 च्या सरकारी पाहणीत देशभरात अशी सुमारे 90 लाख घरं निघाली, म्हणजे सात घरांमागे जवळपास एक. म्हातारे जातात, मुलं शहरात असतात, घर तसंच राहतं. (आमच्या वाईच्या वाड्याची हीच कथा, फक्त तिथे वाटणीचा दावाही आहे.) एका नोव्हेंबरात चिबा प्रांतातल्या गोई स्टेशनावरून कोमिनातो रेल्वेची डिझेलगाडी पकडली, मनाला येईल तिथे उतरलो आणि अर्ध्या तासात घर सापडलं. कौलं सरकलेली, दाराला वेलींचा विळखा, अंगणात टेकवलेल्या सायकलीचं चाक गवतात बुडालेलं, आणि वर पर्सिमॉनचं झाड, केशरी फळांनी लगडलेलं. मी फोन काढला.

जपानात विकल्या जाणाऱ्या फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज सहसा बंद करता येत नाही. कुणी चोरून फोटो काढू नयेत म्हणून कंपन्यांनीच तशी सोय करून ठेवली आहे. त्या शांततेत माझा 'कचाक' बंदुकीसारखा वाजला. लगेच खिडकी सरकली. आत आजीबाई.

मी कमरेत वाकलो. 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', तीन वेळा झालं. आजीबाई काहीच बोलेनात, तेव्हा मीच स्तुती करायला गेलो. म्हणायचं होतं, तुमचं घर 'कावाई' आहे, गोजिरवाणं आहे. तोंडातून गेलं 'कोवाई'. म्हणजे भीतिदायक.

आजीबाईंनी घराकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "हो, रात्री मलाही वाटतं."

आणि हसत सुटल्या. तेवढ्यात गावाच्या भोंग्यावर संध्याकाळची धून सुरू झाली. भूकंप-वादळाच्या सूचना द्यायची यंत्रणा चालू आहे ना, हे त्या निमित्तानं रोज तपासलं जातं. मी घड्याळ बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत गेल्या आणि पिशवीभर फळं घेऊन आल्या. वर दोरीची एक गुंडीही दिली आणि बरंच काही समजावलं. मी प्रत्येक वाक्याला 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो', म्हणत मान डोलावली. एक अक्षर कळलं नाही.

रात्री आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "असलं घर बघायला एवढं विमानाचं तिकीट? वाईला एस्टीनं जाता येतं." तेवढ्यात मी एक फळ चावलं आणि जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. ही जात तुरट. ती सोलून दोरीला बांधून महिनाभर वाळवायची, मग गोड होते. आजीबाई तेच सांगत होत्या.

सध्या आमच्या गॅलरीत सहा फळं टांगलेली आहेत. शेजाऱ्यांची चिठ्ठी अजून आलेली नाही.