माशाच्या मनात काय

बास मासा गळ तोंडात का धरतो, याविषयी अमेरिकेत जितकी मतं आहेत तितकी आमिषं बाजारात आहेत. भुकेनं धरतो, असं एक घराणं मानतं. रागानं धरतो, असं दुसरं. तिसरं म्हणतं, त्याला बिचाऱ्याला हात नाहीत. समोर आलंय ते काय आहे हे चाचपून बघायला तोंडाखेरीज दुसरं काही नाही, म्हणून धरतो. मला स्वतःला हे तिसरं मत पटतं. पण ते मानणाऱ्या माणसाला दुकानात जायचं कारणच उरत नाही, कारण मग गळाला काहीही लावलं तरी चालतं. म्हणून खरेदीपुरता मी पहिल्या दोन घराण्यांचा गंडा बांधून घेतला आहे.

इथे टेक्ससमध्ये नुसतं बास म्हटलं की लार्जमाउथ बास. हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे पोचणारा जबडा. शास्त्राच्या हिशेबी हा खरा बास नव्हेच, तो सनफिशच्या कुळातला. पण टेक्ससमध्ये हे बोलून दाखवणाऱ्याला पुन्हा कोणी होडीत घेत नाही. पाण्यात बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि जवळून जाईल ते गिळायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. इतक्या साध्या जिवाच्या मनाचा थांग लावायला माणसांनी काय काय कोरलं, वितळवलं आणि रंगवलं आहे, ते आमिषांच्या पेटीचे कप्पे उघडले की समोर येतं. पेटी म्हणजे मतभेदांची वहीच.

भुकेच्या घराण्यातलं मोठं नाव फिनलंडच्या लौरी रापालाचं. हा गरीब कोळी होडीतून निरखत बसे. मोठा मासा छोट्यांच्या थव्यावर धावला की नेमका अडखळत पोहणारा उचलतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग १९३६ साली त्यानं बुचाचा तुकडा कोरून मासा केला, त्यावर चॉकलेटची चांदी चढवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून थर दिला. ओढला की हा मासा अडखळे. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात या आमिषावर लेख आला. मरिलिन मन्रो नुकतीच गेली होती, मुखपृष्ठावर तीच होती आणि अंकावर उड्या पडल्या. तिच्या मागोमाग रापालाचा लंगडा मासाही अमेरिकेत घरोघर पोचला.

रागाच्या घराण्याचं लाडकं हत्यार म्हणजे स्पिनरबेट. वाकवलेली तार, तिच्या एका टोकाला गरगर फिरणारी चकाकती पाती, दुसऱ्या टोकाला शिशाचं डोकं, गळ आणि त्यावर रबरी झालर. सृष्टीत असा प्राणी नाही. तरीही बास त्यावर तुटून पडतो. का, तर त्याचा संताप होतो म्हणे. आपल्या दारावरून असलं काही खडखडत गेलं तर आपलाही होईल.

पाण्याच्या वरच्या थरातल्या आमिषांमध्ये हेडन कंपनीचा झारा स्पूक प्रसिद्ध आहे. रॉडचं टोक हलक्या हातानं खाली झटकत राहिलं की तो डावीकडे-उजवीकडे झुलत येतो. फ्लोरिडातल्या पेन्साकोला गावच्या एका बदनाम रस्त्यावरून त्याचं नाव पडलं आणि तिथल्या बायकांची चाल त्याच्या चालीत उतरली, असं सांगतात. माझी आई इथे आली होती तेव्हा तिला पेटीतल्या सगळ्या आमिषांची माहिती दिली. याची दिली नाही.

आणि मग ते प्लॅस्टिकचं गांडूळ. ओहायोतल्या ॲक्रन गावी निक क्रीम नावाच्या कामगारानं १९४९ च्या सुमारास ते घरच्या घरी ओतलं. वीतभर लांबीचं, जांभळं गांडूळ तळ्यात कुठून येणार, हा प्रश्न बासनं कधी विचारला नाही. पुढे गॅरी यामामोटो यांनी सेंको आणला. तो दिसायला बॉलपेनाइतका नीरस. त्याला पाती नाहीत, आवाज नाही. पोटात मीठ घातलेलं, त्यामुळे तो पाण्यात सावकाश, अंग किंचित थरथरवत बुडतो. माणसानं काहीएक करायचं नाही, फक्त बुडू द्यायचं. हा अफाट खपतो. काहीही न करता फळ देणारी वस्तू माणसाला हवीच असते, पण ती माशालाही हवी असावी याचं मला अजून नवल वाटतं.

गांडुळांच्या रंगांबद्दल बोलायला लागलो तर हा मजकूर संपायचा नाही. हिरवा भोपळा, कलिंगड, विजेरी द्राक्ष अशी मंडई संपली की मोटार ऑइल. मग त्यांत तांबडी चमकी, सोनेरी चमकी. गढूळ पाण्यात मात्र काळ्या-निळ्याला तोड नाही, असं इथे सगळे छातीठोक सांगतात. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी बासची दृष्टी तपासली. लाल आणि हिरवा त्याला चांगले ओळखता येतात; निळा आणि काळा यांत मात्र त्याचा घोळ होतो, असं निघालं. ही बातमी मी शेजाऱ्यांना दिली. शेजारी सत्तरी ओलांडलेले, जन्म याच मुलखातला, गराजमध्ये मोटारीला जागा नाही इतके रॉड. ते शांतपणे म्हणाले, “म्हणून तर दोन्ही रंग लागतात.” या उत्तराला तोड नाही.

रॉडच्या बाबतीत मतभेदाला जागा जरा कमी, कारण तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं. मुठीच्या थोडं वर बारीक अक्षरात रॉडची कुंडली छापलेली असते. माझ्या एका रॉडवर आहे: ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट, दोरी १२ ते २० पौंड, आमिष पाव ते एक औंस. यातलं ‘मीडियम हेवी’ म्हणजे रॉड किती जोराला दाद देतो आणि ‘फास्ट’ म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट असेल तर वाक टोकाशीच येतो, खालचा दांडा ताठ राहतो. प्लॅस्टिकच्या गांडुळात गळाचं टोक दडवलेलं असतं. झटका मारला की ते प्लॅस्टिक फोडून माशाच्या जबड्यात रुतायला हवं. तिथे ताठपणा कामाचा. उलट क्रँकबेट नावाच्या, जिभली फुटलेल्या, पोटाखाली तीन-तीन काट्यांचे बारीक गळ लोंबणाऱ्या आमिषाला ताठ रॉड लावला, तर मासा पुरता धरण्याआधीच आपण ते त्याच्या तोंडातून हिसकावून घेतो. तिथे अर्ध्यापर्यंत वाकणारा, फायबरग्लासचा, जरा मठ्ठ रॉड बरा. या दोन वाक्यांवर निदान दोन रॉड विकले जातात. पाण्यावर तरंगणाऱ्या रबरी बेडकाचं निघालं की तिसरा.

दुकानात रॉड निवडण्याची एक रीत आहे आणि ती सगळे पाळतात. रांगेतून एक उपसायचा, आडवा धरायचा, टोक छताकडे करून दोनदा हलवायचं, आणि मान किंचित तिरकी करून ‘हं’ म्हणायचं. यातून नेमकं काय कळतं हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. पण न हलवता रॉड विकत घेतलेला माणूस मी पाहिलेला नाही.

रील हे सगळ्या सरंजामातलं खरं अवघड प्रकरण, आणि त्यात घड्याळजींचा हात आहे. केंटकीतल्या पॅरिस गावचा जॉर्ज स्नायडर घड्याळं दुरुस्त करी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं दाते असलेली चाकं बसवून असं रील केलं की हँडल एकदा फिरवलं की दोरीची फिरकी अनेकदा फिरे. आजही रीलवर ६.३ : १ किंवा ८.१ : १ असे आकडे असतात ते याचेच. खोल जाणाऱ्या, पाण्यात ओढ लागणाऱ्या आमिषाला कमी आकडा. गांडुळासाठी, सैल दोरी झटपट आवरायला जास्त. बासवाल्यांचं आवडतं बेटकास्टर रील हे त्याच स्नायडरच्या वंशातलं. त्यात फेकताना फिरकी स्वतः गरगरत दोरी सोडते आणि तिला लगाम असतो आपल्या अंगठ्याचा. आमिष हवेत असताना वेग कमी होत जातो. फिरकीला ते कळत नाही, ती आपल्या तोऱ्यात फिरतच राहते. आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी अंगठा दाबला नाही, तर सुटलेली दोरी फिरकीभोवतीच गुंतते आणि बोटांखाली एक फुगीर जंजाळ उभं राहतं. इकडे त्याला पाखराचं घरटं म्हणतात. कुठल्याही तळ्याच्या धक्क्यावर पाच-दहा मिनिटं उभं राहिलं की एक तरी सद्गृहस्थ मान खाली घालून, एकेक वेढा नखानं उचलून ओढताना दिसतो. त्याच्याशी त्या वेळी हवापाण्याच्या गप्पा मारू नयेत. हल्लीच्या रीलमध्ये यावर उपाय म्हणून चुंबकाचे ब्रेक असतात. ते जंजाळ कमी करतात आणि किंमत वाढवतात.

हा सगळा ताप नको म्हणून दुसऱ्या एका घड्याळजीनं मार्ग काढला. टेक्ससचा आर. डी. हल. वाण्याच्या दुकानात पुडी बांधताना सुतळी स्थिर रिळाच्या टोकावरून सरसर निघताना त्याला दिसली. फिरकी फिरवायचीच कशाला, हा त्याचा विचार. १९४७ मध्ये हा विचार घेऊन तो ओक्लाहोमातल्या टल्सा गावी एका कंपनीत गेला. ती तेलविहिरींत फोडायचे बाँब बनवी आणि तिचं नाव होतं झीरो अवर बाँब कंपनी. १९४९ मध्ये तिथून बटण दाबून फेकायचं रील निघालं. असं सांगतात की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासाठी एक रील गेलं, खोक्यावर कंपनीचं पूर्ण नाव होतं आणि रक्षकांनी ते आधी पाण्यात बुडवलं. १९५६ मध्ये कंपनीनं आपलं नाव बदलून झेबको केलं. आजही इथली बहुतेक पोरं त्याच बटणावर मासेमारी शिकतात, आणि मोठी झाल्यावर शरमेनं बेटकास्टर घेऊन अंगठा भाजून घेतात.

या छंदाच्या सगळ्यात मोठ्या दुकानाची सुरुवात १९७२ मध्ये मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डला झाली. जॉनी मॉरिस या तरुणानं वडिलांच्या दारूच्या दुकानात मागच्या बाजूला थोडी जागा घेऊन आमिषं मांडली. पुढे त्याच बास प्रो शॉप्सनं मेम्फिसमधला बत्तीस मजली उंचीचा पिरॅमिड भाड्यानं घेऊन त्यात दुकान थाटलं. इजिप्तच्या राजांनी परलोकात लागेल ते सामान पिरॅमिडात भरलं. इथे इहलोकात लागेलसं वाटणारं भरलं आहे.

आता विक्रमाकडे पाहावं, तर तो या सरंजामाला फारसा साथ देत नाही. २ जून १९३२ रोजी जॉर्जियात पाऊस झाला होता, शेतात पाय घालवत नव्हता, म्हणून जॉर्ज पेरी मित्राला घेऊन माँटगोमेरी तळ्यावर गेला. दोघांत मिळून रॉड एक आणि आमिषही एक, क्रीक चब कंपनीचा लाकडी मासा. तेवढ्यावर लागलेला बास २२ पौंड ४ औंसांचा भरला. वजन केलं पोस्टातल्या काट्यावर. मग घरी नेऊन रांधला. तब्बल सत्याहत्तर वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जिवंत ब्लूगिल लावून त्याहून जेमतेम औंसभर जास्त भरेल असा बास काढला. पण विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची नावं बरोबरीनं लागली. गंमत अशी की बिवामध्ये बास हा बाहेरून येऊन बसलेला उपटसुंभ, आणि त्या भागात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला कायद्यानं बंदी आहे.

आमच्याकडे कायदा उलटा. पूर्व टेक्ससमधल्या लेक फोर्कवर शेजाऱ्यांच्या होडीतून आईला घेऊन गेलो, तेव्हा हा भाग समजावताना माझी तारांबळ उडाली. आई मालवणकडची. तिच्या माहेरी गरवायला जाणं म्हणजे रात्रीच्या कढीची सोय. शेजाऱ्यांनी हातभर लांबीचा सुरेख बास काढला, मापपट्टीवर ठेवला, खालचा ओठ अंगठ्यात धरून फोटो काढवून घेतला आणि हळूच पाण्यात सोडून दिला. आई बघत राहिली.

“सोडूचोच होतो तर धरलंस कित्याक?” हा प्रश्न तिनं त्यांना नाही, मला विचारला.

मी नियम सांगितला. १६ इंचांच्या आतला ठेवला तर चालतो. १६ ते २४ मधला सोडायचाच. २४ च्या वरचा दिवसाला एकच.

“म्हणजे खावच्या मापाचो तेवढो सोडूचो,” आई म्हणाली.

मग मी तिला सरकारी योजना सांगितली. जानेवारी ते मार्चमध्ये कोणाला १३ पौंडांची किंवा त्याहून जड मादी सापडली, तर सरकारी गाडी येऊन तिला अथेन्स गावच्या केंद्रात नेते, तिथे ती अंडी घालते आणि मग तिला तिच्याच तळ्यात परत आणून सोडतात. १९८६ पासून हे चालू आहे. पहिली मादी याच लेक फोर्कमधली, साडेसतरा पौंडांच्या वर. आईचा चेहरा इथे एकदम निवळला. बाळंतपणाला नेतात आणि सुखरूप घरी पोचवतात, यात तिला खोट काढण्यासारखं काही दिसलं नाही. न्यायला कोण जातं आणि खाणंपिणं काय असतं, एवढं तिनं विचारून घेतलं.

त्यानंतर बराच वेळ काही लागेना. ऊन डोक्यावर आलं होतं. शेजाऱ्यांनी आधी स्पिनरबेट फेकलं, मग क्रँकबेट, मग गांडूळ. दर वेळी रॉड बदलला, कारण आमिष बदललं की रॉड बदलणं ओघानं आलंच. होडीच्या तळाशी त्यांचा ढीग झाला. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि निकाल दिला.

“ह्या उनात तेका भूक खंयसून लागतली? सांजेक येवया.”

काय म्हणाल्या, असं शेजाऱ्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून आईकडे आदरानं पाहिलं आणि म्हणाले, अगदी बरोबर. पाणी तापलंय, मासा खोल गेलाय, संध्याकाळशिवाय वर येणार नाही. एवढंच सांगायचे इथले गाइड शेकड्यांनी डॉलर घेतात. मग त्यांनी टोपी घातली, पेटी पुढ्यात ओढली, हिरव्या भोपळ्याचं गांडूळ काढलं आणि कलिंगडाचं लावलं.